पॉम्पिदू सेंटरचा एक गाळा: हलत्या गर्बरेटसह १:१०० मॉडेल कसं करावं

पॅरिसच्या पॉम्पिदू सेंटर या कला-केंद्राच्या इमारतीचं मॉडेल करायला घेतलं की हात आधी रंगीत स्ट्रॉकडे जातो. एका खोक्याला बाहेरून निळे, हिरवे, पिवळे नळ चिकटवले आणि दर्शनी बाजूला तिरपा पारदर्शक जिना लावला की लांबून ओळखू येईल असं काहीतरी तयार होतं. पण ते शेवटी खोकंच. नळ काढून घेतले तर मागे काही उरत नाही. खऱ्या इमारतीचे नळ काढले तरी धाडस शिल्लक राहतं, कारण ते नळ ज्या सहा मीटर रुंदीच्या मोकळ्या पट्ट्यात उभे आहेत, तो पट्टा एका विलक्षण तरफेनं तयार केलेला आहे. त्या तरफेचं नाव गर्बरेट. म्हणून इथे आपण अख्खी इमारत न करता तिचा एकच गाळा, म्हणजे दोन चौकटींमधला भाग, तोही तीनच मजल्यांचा, करणार आहोत. मात्र त्यातली तरफ खरोखर हलेल आणि भार पेलेल. नळ आणि रंग सगळ्यात शेवटी.

वास्तुकलेच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला किंवा विज्ञान प्रदर्शनाची तयारी करणाऱ्या शाळेला हे काम जमण्यासारखं आहे. रोज दोन-तीन तास दिले तर आठवडा लागतो. त्यातला बराचसा वेळ गोंद वाळण्यात जातो.

आधी मूळ इमारत

१९७१च्या खुल्या स्पर्धेत ६८१ आराखडे आले. त्यातून रेंझो पियानो, रिचर्ड रॉजर्स आणि जानफ्रांको फ्रांकिनी यांचा आराखडा निवडला गेला. रचनेची बाजू अरप कंपनीच्या पीटर राइस आणि टेड हॅपोल्ड यांनी सांभाळली. परीक्षकांचे प्रमुख होते जाँ प्रूव्हे. परीक्षकांतले फिलिप जॉन्सन म्हणजे मुंबईच्या एनसीपीएमधल्या टाटा थिएटरचे वास्तुकार, म्हणजे हे नाव आपल्याकडच्या नाट्य-संगीतवाल्यांनाही परकं नाही. इमारत ३१ जानेवारी १९७७ला उघडली. 'तेलशुद्धीकरण कारखाना' म्हणून तिची भरपूर टिंगल झाली. २०२५मध्ये ती मोठ्या दुरुस्तीसाठी बंद झाली असून २०३०मध्ये पुन्हा उघडायची योजना आहे, त्यामुळे सध्या तरी अभ्यास फोटो आणि छेदचित्रांवरूनच करावा लागतो.

मॉडेलसाठी लागणारी मापं पाठ करून ठेवा. इमारतीची लांबी १६६ मीटर, रुंदी ६० मीटर, एका मजल्याची उंची ७ मीटर. लांबीत १४ चौकटी आणि त्यांच्यामध्ये १२.८ मीटरचे १३ गाळे. प्रत्येक चौकटीत दोनच खांब, त्यांच्या मध्यांतलं अंतर ४८ मीटर. खांब म्हणजे ८५ सेंटिमीटर व्यासाची जाड पोलादी नळी, आगीत ती तापू नये म्हणून आत पाणी भरलेलं. दोन खांबांच्या मध्ये एकही आधार नाही. म्हणूनच प्रत्येक मजल्यावर सुमारे ७,५०० चौरस मीटर जागा हवी तशी मांडता येते.

४८ आणि ६० यांच्यातला फरक बारा मीटरचा, म्हणजे दोन्ही बाजूंना सहा-सहा. जिने, लिफ्ट, हवा-पाण्याचे नळ, विजेच्या वाहिन्या असा सगळा पसारा त्या सहा मीटरांत बाहेर काढला आहे.

तरफ कशी चालते

गर्बरेट हा ओतीव पोलादाचा, सुमारे दहा टन वजनाचा तुकडा. हे नाव हाइनरिश गर्बर या जर्मन अभियंत्यावरून पडलं. तो खांबावर एका पिनेनं अडकवलेला असतो. खांबापासून इमारतीच्या आतल्या बाजूला त्याचं नाक १.६ मीटर पुढे येतं आणि त्यावर मजल्याची मोठी जाळीदार तुळई टेकते. बाहेर त्याची शेपटी सहा मीटर जाते आणि तिथे २० सेंटिमीटर व्यासाची उभी सळई तिला खाली धरून ठेवते. ही सळई थेट जमिनीत रोवलेली. शाळेत शिकलेली पहिल्या प्रकारची तरफच ही. खांब हा टेकू, तुळई हा भार आणि सळईचा ताण हे बल.

यातून दोन गोष्टी साधतात. एक म्हणजे तुळई ४८ मीटरची न राहता ४४.८ मीटरची होते. सारख्या पसरलेल्या भाराखाली तुळईतला वाक, म्हणजे तिला वाकवू पाहणारा जोर, लांबीच्या वर्गानुसार वाढतो, त्यामुळे साठ मीटरच्या सरळ तुळईच्या मानानं इथला वाक जेमतेम ५६ टक्के भरतो. दुसरं म्हणजे बाहेरच्या सळईत फक्त ताण येतो, दाब नाही. दाबाखाली लांब सळई मध्येच वाकून जायची भीती असते, ताणाला ती भीती नाही. म्हणून बाहेरची ओळ इतकी बारीक ठेवता आली. ही इमारत एवढी भली मोठी असूनही बाहेरून पहाडासारखी वाटण्याऐवजी परांचीसारखी हलकी वाटते, ते त्यामुळे.

मॉडेलमध्ये गर्बरेट खांबाला चिकटवून टाकलं तर हे सगळं संपतं. तो मग साधा कंस होतो आणि भार आला की खांबच वाकवतो. पुढची सगळी काळजी पिन मोकळी ठेवण्यासाठीच आहे.

सामान

प्रमाण १:१००, म्हणजे इमारतीतला एक मीटर मॉडेलमध्ये एक सेंटिमीटर. या प्रमाणात २० सेंटिमीटरची सळई २ मिमीची होते, आणि २ मिमी म्हणजे नेमका सायकलचा स्पोक. टोकाला आटे, त्यावर बसणारं निपल, ताण देण्याची सोय तयार. यापेक्षा चांगलं काही शोधत बसू नका.

– सायकलचे साधे २ मिमीचे स्पोक, साधारण ३० सेमी लांब, निपलसकट: ८. चार सळयांना, दोन पिनांना, दोन जास्तीचे. लहान मुलांच्या सायकलचे आखूड पडतात.
– ८ मिमी जाडीची गोल लाकडी दांडी, डॉवेल म्हणून मिळते ती: २४० मिमीचे ४ तुकडे. घेताना दुकानाच्या काउंटरवर लोळवून पाहा. डगमगत लोळली तर वाकडी आहे.
– ३ मिमी एमडीएफ, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी: अंदाजे ए-थ्री आकाराचा एक तुकडा.
– ६ मिमी जाडीच्या सागवानी पट्ट्या, ४६० मिमी लांब: ६ मिमी रुंदीच्या ६ आणि ४ मिमी रुंदीच्या ६. फ्रेम बनवणारा किंवा सुतार कापून देतो. आडव्या काड्यांसाठी ६×६चे आणखी ३ मीटर आणि ठोकळ्यांसाठी वीतभर तुकडा.
– आइस्क्रीमच्या काड्या: ६०. लागतात ४२, पण चिरताना काही वाया जातात.
– बारा खणांची प्लॅस्टिकची कनेक्टर पट्टी, इलेक्ट्रिकच्या दुकानातली: २. आतल्या पितळी नळीतून स्पोक सैल गेला पाहिजे. स्पोक बरोबर नेऊन दुकानातच घालून पाहा.
– १८ मिमी प्लायवूड, ६८० × २२० मिमी, आणि खाली पाय म्हणून ३० मिमी उंच दोन पट्ट्या.
– २ मिमी माउंटबोर्ड, १ मिमी पुठ्ठा, पांढरा फेविकॉल, २, ३ आणि ८ मिमीचे ड्रिल बिट, तंगूस.

झटपट चिकटणारा गोंद शक्यतो दूर ठेवा. तो बारीक फटीतून वाहत जाऊन पिनेच्या भोकात शिरतो, आणि तुळईच्या सांध्यांत वाळल्यावर ठिसूळ होऊन झटक्यासरशी सुटतो.

तळफळी

फळीवर आधी लांबीच्या दिशेनं मध्यरेषा आखा. तिच्या दोन्ही बाजूंना ६४ मिमीवर दोन समांतर रेषा काढा. या दोन चौकटी, मध्ये १२८ मिमीचा गाळा. प्रत्येक रेषेवर फळीच्या मधोमधपासून दोन्हीकडे २४० मिमीवर खांबाची खूण आणि ३०० मिमीवर सळईची खूण करा. एकूण चार खांब आणि चार सळया.

खांबांना ८ मिमीची भोकं १२ मिमी खोल पाडा. बिटावर चिकटपट्टीचा तुकडा गुंडाळला की खोली कळते. सळयांना ३ मिमीची आरपार भोकं. जाड प्लायवूड घेण्याचं कारण खांबांची ही बारा मिमीची बैठक. पातळ फळीत दांडी सरळ उभी राहत नाही, आणि आडव्या दिशेला आपल्या मॉडेलला खांबांच्या बैठकीखेरीज दुसरा आधार नाही.

आता चार छोटे लाकडी तुकडे करा, १० मिमी जाड, साधारण २० × २० मिमी. प्रत्येकात कडेपासून मध्यापर्यंत ४.५ मिमी रुंदीची खाच पाडा. इंग्रजी यू अक्षराचा आकार होईल. हे तुकडे फळीच्या खालून, फळी आणि निपलचं डोकं यांच्यामध्ये बसतात आणि बाजूनं ओढून काढता येतात. त्यांचं काम शेवटी कळेल, पण आत्ताच करून ठेवा. स्पोक कापताना त्यांची जाडी धरावी लागते.

खांब

प्रत्येक दांडीला खालच्या टोकापासून ८२, १५२ आणि २२२ मिमीवर २.२ मिमीचं आरपार भोक हवं. यातले १२ मिमी बैठकीत जातात, म्हणजे फळीपासून ७०, १४० आणि २१० मिमीवर मजले येतात. २.२चा बिट नसेल तर २चं भोक पाडून स्पोकचं टोक त्यात चार-पाचदा फिरवा, पुरेसं सैल होतं.

गोल दांडीला नेमकं मधून भोक पाडणं हे सगळ्या कामातलं सर्वात कटकटीचं. बिट घसरतो आणि भोक एका अंगाला जातं. दोन पट्ट्या एकमेकींशेजारी तिरप्या चिकटवून इंग्रजी व्ही अक्षरासारखी घळ करा आणि दांडी तिच्यात ठेवा. खिळ्यानं आधी खोबण करा, मग ड्रिल. तिन्ही भोकं एकाच रेषेत येण्यासाठी दांडी टेबलाच्या कडेला लावून पेन्सिलनं लांबवर रेघ मारून घ्या. भोकं वेगवेगळ्या दिशांना गेली तर गर्बरेट पंख्याच्या पात्यांसारखे पसरतात. हे दुरुस्त होत नाही, दांडी नवी घ्यावी लागते.

गर्बरेट

एकूण बारा: तीन मजले, दोन चौकटी, दोन बाजू. प्रत्येक गर्बरेट म्हणजे ३ मिमी एमडीएफच्या दोन सारख्या फळ्या, मध्ये १० मिमीची फट. खांब त्या फटीतून जातो. एकूण २४ फळ्या.

फळी ८४ मिमी लांब. एका टोकापासून ४ मिमीवर तुळईच्या पिनेचं भोक. तिथून १६ मिमीवर खांबाच्या पिनेचं भोक. त्याच्यापुढे ६० मिमीवर सळईची जागा, तिथे फळीत भोक नाही, फक्त खूण. उंची खांबापाशी सर्वांत जास्त, १६ मिमी. आतल्या नाकाशी १० आणि बाहेरच्या टोकाशी ८. आकाराचं कारण सरळ आहे: वाक टेकूपाशी सर्वाधिक असतो आणि दोन्ही टोकांकडे शून्यावर येतो, म्हणून तुकडा मध्ये पोटाळ आणि टोकांना निमुळता. खऱ्या गर्बरेटचा डौल निव्वळ सौंदर्यदृष्टीतून आलेला नाही, ती त्या वाकाचीच आकृती आहे.

लेझर कटिंगला देणार असाल तर भोकं १.८ मिमीची काढा, लेझर थोडं जास्त खातो. हातानं करणार असाल तर चार-चार फळ्या एकत्र बांधून २ मिमीनं भोकं पाडा. सगळ्या चोवीस एकावर एक रचून एकदम पाडायचा मोह आवरा, बारीक बिट खाली जाईस्तोवर तिरका होतो. फळ्यांतलं भोक घट्ट आणि खांबातलं सैल, एवढं लक्षात ठेवा. म्हणजे पिन फळ्यांत रुतून बसते, खांबात फिरते, आणि कुठेच गोंद लावावा लागत नाही.

बाहेरच्या टोकाला दोन फळ्यांच्या मध्ये १० मिमी रुंद, ८ × ८ मिमीचा ठोकळा चिकटवा. त्यात उभं ३ मिमीचं भोक आधीच पाडलेलं असू द्या. स्पोक २ मिमीचा आणि भोक ३चं, कारण गर्बरेट किंचित कलला तरी सळई अडकता कामा नये. चिकटवताना दुसऱ्या टोकाला फटीत १० मिमीचा तुकडा तात्पुरता ठेवा, नाहीतर फळ्या आत झुकतात. पिना स्पोकच्याच: २० मिमीचे २४ तुकडे, टोकं कानशीनं घासलेली.

खऱ्या इमारतीतही या तुकड्यानंच सर्वांत जास्त दमवलं. सुरुवातीचे काही ओतीव तुकडे चाचणीत अपेक्षित भाराच्या आधीच तडकले आणि तुकड्यांवर पुन्हा उष्णता-प्रक्रिया करावी लागली. एमडीएफ तडकतो तो बहुधा नाकाच्या चार मिमीच्या कडेपाशी. तिथे पातळ फेविकॉलचा एक हात देऊन वाळू दिलं की कड कणखर होते.

जाळीदार तुळई

सहा लागतात. वरची पट्टी ६ × ६ मिमी, खालची ६ मिमी जाड आणि ४ मिमी उंच, एकूण उंची २८ मिमी. दोन्ही टोकांना पट्ट्यांच्या मध्ये २४ × १८ मिमीचा, ६ मिमी जाड ठोकळा. त्या ठोकळ्यात तुळईच्या टोकापासून ६ मिमीवर, मध्यउंचीला, पिनेचं २.२ मिमी भोक. ४६०मधून दोन्हीकडचे सहा-सहा वजा केले की पिन ते पिन ४४८ मिमी येतात. हे अंतर सहाही तुळयांत तंतोतंत सारखं हवं. एखादी तुळई दोन मिमीनं आखूड निघाली तर तिथले दोन्ही खांब आत ओढले जातात आणि सगळा सांगाडा पिळवटतो.

त्यासाठी आधी साचा करा. माउंटबोर्डवर तुळईचं पूर्ण मापाचं चित्र काढा, वर प्लॅस्टिकची पिशवी ताणून चिकटवा, ४४८ मिमीवर दोन खिळे ठोका. ठोकळे त्या खिळ्यांत अडकवून प्रत्येक तुळई तिथेच जुळवा.

आता तिरक्या काड्या. लांबीचे सात भाग करा, प्रत्येकी ६४ मिमी, आणि प्रत्येक भागात एक चढती व एक उतरती काडी. चौदा काड्या पुढून, चौदा मागून. आइस्क्रीमच्या काडीची गोल टोकं कापून, मधून उभी चिरून, ४८ मिमीचे तुकडे केले की एका काडीतून चार निघतात. चिरताना लाकडाचा रेशा तिरका असेल तर पातं त्याच्यामागे जातं. अशी काडी बाजूला टाका, ओढाताण करू नका. टोकाशी पहिली आणि शेवटची काडी ठोकळ्यावर येऊ द्या, पण पिनेपासून दहा मिमी दूर. नाहीतर गर्बरेटच्या फळ्या तिला घासतात.

पहिली चढती काडी दाबात, तिच्यापुढची उतरती ताणात, अशी आलटूनपालटून मध्यापर्यंत. मग दुसऱ्या अर्ध्यात हेच आरशातल्यासारखं. मूळ तुळईत दाबाचे सदस्य पोकळ नळ्या आहेत आणि ताणाचे भरीव सळ्या, त्यामुळे नुसत्या डोळ्यांनीही कुठे काय चाललंय ते वाचता येतं. मॉडेलमध्ये ताणाच्या काड्या थोड्या घासून अरुंद केल्या तर तोच फरक दिसेल. वेळ नसेल तर सोडून द्या, भार पेलण्यात फरक पडत नाही.

एक बाजू चिकटवून अर्धा तास वजनाखाली ठेवा, मग उलटून दुसरी. रात्रभर वाळल्याशिवाय साच्यातून काढू नका.

जुळणी

खांब बैठकीत गोंदाशिवाय बसवा आणि काटकोनानं दोन्ही दिशांना तपासा. पिनेची भोकं लांबीच्या रेषेला काटकोनात आहेत ना ते पाहा. मगच एकेक खांब उचलून गोंद लावा.

गर्बरेट खालून वर चढवा. फळ्यांच्या मध्ये खांब ८ मिमीचा आणि फट १०ची, म्हणून दोन्ही बाजूंना १ मिमी पुठ्ठ्याची चकती ओवा. तुळईचा ठोकळा ६ मिमीचा, तिथे २ मिमी माउंटबोर्डाची चकती. चकत्या विसरल्या की पिन घट्ट बसते खरी, पण फळ्या आत दबतात आणि तरफ जाम होते. प्रत्येक गर्बरेट बसवल्यावर बोटानं शेपटी दाबून सोडा. ती सहज खालीवर झाली पाहिजे. झाली नाही तर पुढे जाऊ नका.

मग सळया. स्पोकचं वाकडं टोक कापा, आट्यांचं ठेवा. लांबी साधारण २६५ मिमी. कनेक्टर पट्टीतून पितळी नळ्या काढून घ्या, एकूण चोवीस. स्पोक वरून खाली सोडत ओवायचा क्रम असा: नळी, वरचा गर्बरेट, नळी, पुन्हा नळी, मधला गर्बरेट, नळी, नळी, खालचा गर्बरेट, नळी, आणि शेवटी तळफळीचं भोक. फळीच्या खाली खाचेचा तुकडा लावून निपल फिरवा. निपलच्या डोक्यावर खाच असते, बारीक स्क्रूड्रायव्हर चालतो.

आता तिन्ही तुळया सपाटीत आणा. शेपटीवरची नळी खाली सरकवून स्क्रू आवळला की शेपटी खाली दबते आणि तुळई वर येते. शेपटी सहा मिमी खाली गेली तर तुळईचं टोक १.६ मिमी वर. आधी नळ्यांनी ढोबळ सपाटी करा, बारीक फरक निपलनं. खालच्या बाजूच्या नळ्यांवर भार येत नाही, त्या फक्त मॉडेल उचलून नेताना शेपटी खाली पडू नये म्हणून. त्या शेवटी आवळा. निपल मात्र सपाटीच्या पुढे पिळत नेऊ नका. अनेकांना वाटतं, सळई जितकी ताठ तितकी रचना भक्कम. इथे तसं होत नाही: पिळलं की मजला नुसता वर उचलला जातो. सळईत ताण येतो तो वरच्या भारातून, तुमच्या स्क्रूड्रायव्हरमधून नाही.

१२८ मिमीच्या दिशेनं सांगाडा अजून डुलेल. दोन शेजारच्या सळयांच्या मध्ये तंगूसची फुली बांधा, दोन्ही दर्शनी बाजूंना. मूळ इमारतीच्या बाहेरच्या पातळीत अशाच बारीक सळ्यांच्या फुल्या आहेत, फोटोत शोधल्या की सापडतात.

मजल्यासाठी दोन तुळयांवर ६ × ६ मिमीच्या आडव्या काड्या ठेवा, १३४ मिमी लांब, प्रत्येक मजल्यावर सात. वर ४४० × १३४ मिमीचा माउंटबोर्ड. काड्या बोर्डला चिकटवा, तुळईला नाही. मजला सुटा राहू द्या.

भार देऊन पाहणं

वरच्या मजल्याच्या बरोबर मध्यावर १ किलो २०० ग्रॅम ठेवा. प्रत्येक गर्बरेटच्या नाकावर ३०० ग्रॅम आले. ३०० गुणिले १६ आणि ८० गुणिले ६० दोन्ही ४,८००, म्हणजे सळईत ८० ग्रॅमचा ताण. खांबावर ३०० अधिक ८०, म्हणजे ३८० ग्रॅम. ताण देण्यासाठी खाली ओढलं, त्याचा भुर्दंड खांबाला पडला. तरफेत काही फुकट मिळत नाही. तिन्ही मजल्यांवर तेवढंच वजन ठेवलं तर सळईच्या अगदी खालच्या तुकड्यात २४० ग्रॅम आणि खांबाच्या बुडाशी १,१४० ग्रॅम वाढतात.

हे आकडे दाखवताही येतात. मॉडेल असं ठेवा की एका सळईखालची कड टेबलाबाहेर येईल. वजन न ठेवता त्या सळईचा खाचेचा तुकडा ओढून काढा. सळई सैल पडते, शेपटी दहा मिमीपर्यंत वर जाते, तुळईचं टोक सुमारे २.७ मिमी खाली बसतं. डोळ्यांना नीट दिसेल एवढं आहे हे. आता निपलला दोऱ्यानं कागदी पेला टांगून त्यात तांदूळ घालत जा, मजले पुन्हा सपाटीत येईपर्यंत. हा मजल्यांच्या स्वतःच्या वजनाचा हिशेब. मग वरच्या मजल्यावर १.२ किलो ठेवा आणि पेल्यात आणखी तांदूळ घाला. साधारण ८० ग्रॅमला मजला परत सपाटीत येतो. पिना कोरड्या असतील तर घर्षणामुळे आकडा इकडेतिकडे होईल. पेन्सिलचं शिसं किसून भोकांत फुंकलं की सुधारतो. तेल नको, एमडीएफ फुगतो.

त्यानंतर सर्वांत परिणामकारक प्रयोग: एक स्पोक पूर्ण काढा आणि त्याजागी तंगूस लावा, प्रत्येक शेपटीवरून गाठ मारून. मजला तेवढाच भार उचलतो. दोरा दाबू शकत नाही, फक्त ओढू शकतो, आणि तरी इमारत उभी आहे. यानंतर ताण म्हणजे काय हे कुणाला शब्दांत सांगावं लागत नाही.

रंग आणि नळ

सांगाडा पांढरट. गर्बरेट आणि तुळया जुळणीआधी रंगवा आणि भोकांत काडी खुपसून ठेवा. खांबाची पिनेजवळची जागा कोरी सोडा.

रंगांची भाषा मूळ इमारतीत ठरलेली आहे: निळा हवेसाठी, हिरवा पाण्यासाठी, पिवळा विजेसाठी, लाल माणसांच्या ये-जा करण्यासाठी, म्हणजे जिने आणि लिफ्टसाठी. नळ मुख्यतः रस्त्याच्या बाजूला, र्‍यू द्यू रनारकडे. चौकाच्या बाजूला सरकता जिना आणि मोकळे सज्जे. दोन्हीकडे सारखेच नळ लावणं ही सर्वत्र दिसणारी चूक. जागेचा जवळपास अर्धा भाग लोकांना बसायला-फिरायला चौक म्हणून मोकळा सोडणं हा आराखड्याचा मोठा भाग होता, आणि इमारतीची ती बाजू त्यामुळेच मोकळी आहे.

जाड स्ट्रॉ निळ्या हवावाहिन्यांना, साध्या ६ मिमीच्या हिरव्या पाण्याला, विजेच्या वायरचे तुकडे पिवळ्याला. वळणांसाठी दुमडणारी स्ट्रॉ घ्या. सगळं खांब आणि सळई यांच्यामधल्या साठ मिमीतच बसवा आणि फक्त खांबाला किंवा तळफळीला बांधा. गर्बरेटला चिकटवलेला एक नळसुद्धा तरफ अडवतो. चौकाच्या बाजूला पारदर्शक शीटची ३० मिमी व्यासाची नळी तिरपी लावा, खालच्या अंगाला लाल पट्टी. एका गाळ्यात जिन्याचा तुकडाच मावतो. पूर्ण चढ दाखवायच्या नादात तो उभा करू नका, सरकता जिना तीस अंशांच्या आसपासच चढतो.

पुठ्ठ्याची १७ मिमी उंचीची दोन-तीन माणसं कापून मजल्यावर उभी करा आणि एखादं सळईच्या पायथ्याशी. प्रदर्शनात नेताना मजल्यांचे बोर्ड आणि माणसं काढून वेगळी न्या, खाचेचे चारही तुकडे चिकटपट्टीनं जागेवर बांधा आणि मॉडेल तळफळीलाच धरून उचला, गर्बरेटला धरून नाही.